काकवीचा बर्फातला फोटो

काळ्या कुत्र्याचा बर्फात चांगला फोटो येत नाही, असं मला आजवर निदान सात-आठ शहाण्या माणसांनी ऐकवलं आहे. त्यांतले दोघे तर स्वतःला पट्टीचे फोटोग्राफर समजत होते. साफ खोटं आहे. येतो. मी सोळा वर्षांची असताना काढला आहे आणि तो अजून माझ्याकडे आहे; ज्याला बघायचा असेल त्यानं खुशाल यावं, चहा करीन आणि दाखवीन. फोटो येत नाही तो काढणाऱ्याला काढता येत नाही म्हणून. पण आपल्या लोकांची एक खोड आहे. फोटो बिघडला की ते कॅमेऱ्याला बोल लावत नाहीत, स्वतःला तर मुळीच नाही. ज्याचा फोटो काढला त्याच्या रंगाला लावतात. त्या एका हिवाळ्यात आमच्या घरात हेच झालं. आता साठी ओलांडून बसले आहे, राग निवायचं वय झालं म्हणतात, पण ते सगळं आठवलं की माझी कानशिलं अजून तापतात.

आमचं घर मँचेस्टरच्या अगदी टोकाला होतं. बस तिथे वळसा घालून परत जायची आणि पुढे टेकडीच सुरू व्हायची. बाबा हॉस्पिटलमध्ये म्हाताऱ्यांचे डॉक्टर. इथल्या गोऱ्या डॉक्टरांना ते काम नको असायचं म्हणून ते आपल्या लोकांच्या वाट्याला यायचं, पण बाबांनी हे जन्मात कबूल केलं नाही. 'स्पेशॅलिटी आहे ती,' म्हणायचे. मी सहा वर्षांची आणि माझी मोठी बहीण नलूताई बारा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे आलो. सकाळी घराला जाग यायची ती बॉयलरच्या ठोक्यांनी, मग दाराशी दुधाच्या बाटल्या किणकिणायच्या, आणि मग आईच्या कुकरची शिट्टी. शेजारच्या मिसेस डॉबसन पहिल्यांदा ती शिट्टी ऐकून चपला न घालता धावत आल्या होत्या, आमच्याकडे काहीतरी फुटतंय असं समजून. आईनं त्यांना स्वयंपाकघरात बसवून वरणभात खायला घातला, आणि त्या दिवसापासून आईच्या तोंडी त्या डॉबसनबाई झाल्या.

त्या दुधाच्या बाटल्यांच्या गळ्याशी बोटभर साय असायची. कडाक्याच्या थंडीत ती गोठून वर यायची आणि चंदेरी झाकण टोपीसारखं डोक्यावर घेऊन उभी राहायची. इंग्रज माणूस ती साय चहात नाहीतर खिरीवर घेतो. आमच्याकडे ती नलूताईच्या तोंडाला जायची. डाळीचं पीठ, चिमूटभर हळद आणि साय. रविवारी सकाळी ताई पिवळंधमक तोंड घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची. हसली की लेप तडकायचा, म्हणून मी तिला मुद्दाम हसवायची. मला तो लेप नव्हता, कारण मी बाबांवर गेले होते, गव्हाळ. ताई सावळी. आडून-आडून सावळी नव्हे, चांगली दाट सावळी, आणि त्यात तिचे डोळे असे की ती बघायला लागली की दुकानातली बाईसुद्धा बोलता-बोलता थांबायची. 'ही कुणावर गेलीय देव जाणे,' असं आई लेप कालवताना दर रविवारी न चुकता म्हणायची. आई स्वतः पावडर लावल्याशिवाय पोस्टमनलासुद्धा दार उघडायची नाही.

शेकोटीच्या वरच्या फळीवर आई-बाबांचा लग्नातला फोटो होता. पुण्यातल्या स्टुडिओत काढून वरून हातानं रंगवलेला. त्यात बाबा बाबांसारखेच आहेत, पण त्यांच्या शेजारी तांदळाच्या पिठासारखी पांढरी एक बाई उभी आहे, गाल गुलाबी, ओठ त्याहून गुलाबी. लहानपणी एकदा मी चारचौघांत विचारलं होतं, 'बाबांच्या शेजारी ही कोण?' सगळे पोट धरधरून हसले होते. आई हसली नव्हती एवढं मला आठवतं.

आणि काकवी. काकवी म्हणजे डॉबसनबाईंचा लॅब्राडॉर. त्याचं खरं नाव ट्रेकल, इथे डब्यात मिळते ती दाट काळी काकवी तीच ट्रेकल, म्हणून आईनं त्याचं सरळ मराठीत बारसं करून टाकलं. कुत्रं घरात घ्यायचं नाही हा तिचा कायदा होता. पण मागच्या कुंपणापाशी उभी राहून ती शंकरपाळ्यांचा चुरा त्याच्यापुढे टाकायची, 'घे रे काकवी, कुणाला सांगू नकोस,' आणि तो कुंपणावर पंजे ठेवून मराठी ऐकत उभा राहायचा. असा काळा कुत्रा मी त्यानंतर पाहिला नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत एक पांढरा केस नाही. 'काय तुकतुकीत आहे मेला,' आई कौतुकानं म्हणायची. हे तीच म्हणायची, जी आत येऊन डाळीचं पीठ कालवायची.

ताई बाविशीची झाली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागली, आणि पुण्याहून आत्याचं पत्र आलं. स्थळ होतं. मुलगा इंजिनिअर, घरचं चांगलं, मुलाला परदेशाची हौस. मुलीचा फोटो ताबडतोब पाठवा. ताईची लग्नाला ना नव्हती, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही तिला बांधून नेत होतो. 'बघू या की, बघायला काय जातंय,' असंच ती म्हणाली होती. बाबांच्या मनात मात्र एक कल्पना आली. त्या वर्षी बर्फानं मुक्कामच ठोकला होता. 'फोटो बागेत काढू,' बाबा म्हणाले. 'मागे बर्फ दिसला की मुलगी कुठे वाढली ते पत्रात वेगळं लिहायला नको.' त्या काळात इथल्या प्रत्येक मराठी घरातून असा एक तरी फोटो पुण्या-मुंबईला गेलेला आहे. बाई गुडघाभर बर्फात, अंगावर शालू, कोट नाही, कारण कोटानं शालू झाकला जातो, पायात सँडल आणि दात वाजत असताना हसू. हा वेडेपणा जगात फक्त आपलेच लोक करू जाणोत.

ताई जांभळा शालू नेसून बर्फात उभी राहिली. बाबा एका गुडघ्यावर बसून डोळा बारीक करत होते. 'अजून थोडी मागे. हात असा ठेव. स्माइल.' काकवी कुंपणावरून बघत होता. तब्बल वीस मिनिटं. ताई आत आली तेव्हा तिची बोटं इतकी आखडली होती की तिला चहाचा कप धरता येईना. मी बशीत ओतून पाजला. आठवड्यानं केमिस्टकडून, इथे फोटोही तोच धुऊन द्यायचा, पाकीट आलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! बर्फ राखाडी, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा. शालू काळा. आणि ताईच्या तोंडाच्या जागी नुसता काळोख, त्यात दातांची एक रेघ. डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही.

'ही आमची नलू नव्हे,' आई म्हणाली. 'अहो, इतकी काही काळी नाहीये ती!'

बाबांनी फोटो उलटा-सुलटा करून पाहिला. 'कॅमेरा जपानी आहे,' ते म्हणाले. 'त्यात खोट असणं शक्य नाही.'

आता कॅमेऱ्यात खोट नाही, बाबांत तर असूच शकत नाही, मग खोट उरली कुणात? हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, सगळे ताईकडे बघत होते. ती टेबलाशी उभी होती. तिनं एक फोटो उचलला, बघितला, खाली ठेवला आणि नळाशी जाऊन बशा धुवायला लागली. त्या तीन माणसांच्या गप्प बसण्यात मीही होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तोंडातून शब्द फुटला नाही. याचा राग मला बाबांपेक्षा स्वतःचा जास्त येतो.

मग आई ताईला गावातल्या एका स्टुडिओत घेऊन गेली. तिथल्या माणसानं चार दिवे तोंडावर सोडले आणि वर ब्रशनं हात फिरवला. फोटो आला तो बघून मला आमच्या फळीवरची ती पिठासारखी बाई आठवली. ताईचं नाक गालात विरघळून गेलं होतं. 'आता कशी नलू दिसतेय!' आई म्हणाली, आणि फोटो पुण्याला गेला. हल्ली हे काम खिशातला फोन न विचारता करतो. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी माझा फोटो काढला आणि दाखवला, तर मी लग्नातल्या आईसारखी पांढरी! मी म्हटलं, बाई गं, हे तुझ्या फोनला सांगितलं कुणी? ती म्हणाली, काकू, ऑटोमॅटिक असतं. म्हणजे आता ते पाप कुणाच्याच माथी नाही.

फोटो गेला त्या दुपारी ताई आणि मी भांडी पुसत होतो. तिच्या हातात कुकरचं झाकण होतं. 'विजू,' ती म्हणाली, 'समजा तिकडून पसंती आली. मी जाऊन त्यांच्या दारात उभी राहीन, तेव्हा ते कुणाची वाट बघत असतील?' मी म्हटलं, तुझीच की. 'माझी कशी?' ती म्हणाली. 'नकार आला असता ना, तर मला चाललं असतं गं. निदान मला आला असता. आता पसंती येणार ती हिला.' आणि मग तिनं झाकण इतकं घासून पुसलं की त्यात आम्हा दोघींची तोंडं दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या कपाटातून कॅमेरा काढला. विचारलं नाही. मला एवढंच सिद्ध करायचं होतं की खोट त्या जपानी डब्यात आहे, आणि त्यासाठी मला ताईहून काळं असं काहीतरी हवं होतं ज्याच्या रंगाबद्दल घरात वाद नाही. काकवी बागेत बर्फ उकरत होता. मी अख्खा रोल त्याच्यावर संपवला. फोटो आले, आणि काय सांगू! चोवीस फोटो, चोवीसच्या चोवीस एकसारखे. राखाडी चादरीवर शाईचा डाग. एका डागाला शेपूट होतं म्हणून कळलं की कुत्रा आहे. मी ते घेऊन कुंपणाशी रडकुंडीला येऊन उभी होते, तेवढ्यात डॉबसनबाई बाहेर आल्या. त्यांच्या नवऱ्याचा फोटोचा स्टुडिओ होता. तीस वर्षं त्यांनी तिथे दुसऱ्यांची पोरं आणि कुत्र्यांच्या शोमधली बक्षीस मिळवलेली कुत्री काढली होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं. शेजारी राहून दहा वर्षं आम्ही त्यांना फक्त वरणभात विचारला.

त्यांनी माझे फोटो बघितले आणि खो-खो हसल्या. 'तुझा कॅमेरा गाढव आहे, लव,' त्या म्हणाल्या. तिकडे सगळ्यांनाच 'लव' म्हणतात, पोरीलाही आणि पोस्टमनलाही. 'याला वाटतं, जग म्हणजे मँचेस्टरचं आभाळ. पांढरं दाखव, हा राखाडी करणार. काळं दाखव, राखाडी करणार. एवढा बर्फ बघितला की घाबरतो आणि उजेड कमी करतो, आणि मधला बिचारा कुत्रा मरतो.'

'मग काय करायचं?'

'जवळ जा. इतकी जवळ की भिंगातून नुसता कुत्रा दिसला पाहिजे, दुसरं काही नाही. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा तेव्हा कुठे येतो ते बघ. मग भिंगाचं कडं दोन घरं फिरवून उजेड कमी कर, कारण तो खराच काळा आहे, त्याला राखाडी करायचा नाही. मग मागे ये, फोटो काढ, आणि बर्फ दिसल्यावर काटा कितीही नाचला तरी त्याचं ऐकू नकोस.'

हे ऐकायला सोपं आहे. जवळ गेल्यावर काकवीनं आधी भिंग चाटलं, मग माझं नाक चाटलं, मग हातमोजा पळवला. मी बर्फात पालथी पडले, कारण बाईंनी सांगितलं होतं की कुत्र्याचा फोटो कुत्र्याच्या उंचीवरून काढायचा, वरून काढला की सगळी कुत्री सारखीच दिसतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई ओरडत होती, 'विजे, ऊठ आधी! न्यूमोनिया होईल, मग बाबांच्याच वॉर्डात जाशील!' काकवी बर्फातून माझ्याकडे धावत आला, थांबला, मान कलती केली, आणि मी बटण दाबलं. बाईंनी जिन्याखालच्या कपाटात अंधारी खोली केली होती, अजून मोडली नव्हती. त्या लाल दिव्यात, औषधांच्या त्या आंबट वासात, ताटलीतल्या कागदावर आधी त्याचे डोळे आले. मग नाक, नाकावरचा बर्फ, मग मानेवरचा एकेक केस. बर्फ पांढरा, कुत्रा काळा, आणि त्या काळ्यात इतकं काही होतं की मी बघतच राहिले. मी तो फोटो मोठा करून घेतला आणि शेकोटीवरच्या फळीवर, लग्नाच्या फोटोशेजारी उभा केला. 'आई-बापाच्या मांडीला मांडी लावून कुत्रं?' आई म्हणाली. पण तो तिनं उचलला नाही.

आत्याचं पत्र आलं, फोटो पसंत आहे. मुलाचे मामा-मामी लंडनला, हॅरोला राहतात, ते येऊन मुलगी डोळ्यांखालून घालतील. रविवार ठरला आणि शनिवारी पुन्हा बर्फ पडला. मामा-मामी उशिरानं आले, बाबांनी त्यांना स्टेशनवरून गाडीतून आणलं. मामींचे बूट भिजले होते, त्यामुळे त्या आधीच घुश्शात होत्या. आईनं शिरा केला होता, कांदेपोहे केले होते. पोहे शहरातल्या एकाच दुकानात मिळायचे, कढीलिंब आत्यानं पत्रातून वाळवून पाठवलेला, आणि खोबरं डब्यातलं. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन आली. हिरवी साडी, केसांची साधी वेणी. सकाळी तिच्या तोंडाला डबल लेप झाला होता, त्यामुळे कातडी नुसती लाल-लाल झाली होती.

मामींनी बशी घेतली, ताईकडे पाहिलं, आणि मग पर्स उघडून तो स्टुडिओतला फोटो बाहेर काढला. आमच्या देखत! एकदा फोटोकडे, एकदा ताईकडे. कापडाच्या दुकानात ब्लाउजपीस साडीला लावून बघतात ना, तसं.

'फोटोत जरा उजळ वाटली होती हो,' त्या म्हणाल्या. 'नाही, रंगाचं आमचं काही नाही. नाकी-डोळी नीटस आहे. पण उद्या पुण्याला वन्संनी विचारलं की तुम्ही डोळ्यांनी बघून आलात ना, तर आम्ही काय सांगायचं?'

'फोटोचं काय, लाइटवर असतं सगळं,' मामा पुटपुटले. ते गरीब माणूस होते.

'हिवाळ्यात रापते हो इथे,' आई घाईघाईनं म्हणाली. 'बर्फावरचं ऊन फार वाईट. उन्हाळ्यात बघाल तर…'

मँचेस्टरचं ऊन! बर्फावरचं! आईचा आवाज इतका केविलवाणा मी कधी ऐकला नव्हता. बाबा शेकोटीकडे बघत होते. ताई हातात रिकामा ट्रे घेऊन बसली होती आणि तिची बोटं त्या दिवशीसारखीच आखडली होती, खोलीत एवढी ऊब असून. मामींनी नजर दुसरीकडे वळवायची म्हणून फळीकडे वळवली आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला.

'अय्या! हा कुणाचा हो कुत्रा? काय गोड फोटो आलाय! काळाभोर आहे, तरी एकेक केस दिसतोय बघा. कसा तुकतुकीत!'

'शेजाऱ्यांचा,' ताई म्हणाली. पोहे आणल्यापासून ती पहिल्यांदा बोलत होती. 'त्याच्या तोंडाला कुणी साय लावली नव्हती, मामी. आहे तसा काढलाय विजूनं. म्हणून छान आलाय.'

मामांना एकदम हसू फुटलं आणि पोहे घशात गेले. बाबा पाणी आणायला उठले. तेवढंच त्यांना काम मिळालं. मामींनी बशी खाली ठेवली. 'मुलगी बोलते हो चुरचुरीत,' त्या आईला म्हणाल्या. 'पण आम्ही म्हणतो, फोटो पाठवताना तरी खरा पाठवायचा. एवढ्या बर्फातून आलो आम्ही. ही फसवणूकच झाली.'

खोटं नव्हतं ते, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. फसवणूक होतीच. फक्त फसवलेलं माणूस समोर ट्रे घेऊन बसलं होतं, आणि तक्रार करत होत्या मामी.

आई उठली. मला वाटलं आता ही हात जोडते. तिनं मामींच्या पुढे हात केला. 'द्या तो इकडे,' ती म्हणाली, आणि फोटो त्यांच्या बोटांतून काढून घेतला. 'तुमचं बरोबर आहे. ही आमची नलू नव्हे. आमची नलू ती, तुमच्या समोर बसलीय. तिचा फोटो आम्ही तुम्हाला पाठवलाच नाही. चूक आमची.' मग पदर खोचून म्हणाली, 'चहा घेणार ना आणखी? गाडीला वेळ आहे तुमच्या.'

त्यांनी चहा घेतला नाही. बाबा त्यांना सोडायला गेले आणि परत येऊन बूट काढता-काढता म्हणाले, 'एवढं ताणायला नको होतं.' पण त्याआधी, त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळते न वळते तोच, ताई खिडकीशी गेली आणि म्हणाली, 'विजू, उजेड आहे का अजून?' होता. अर्ध्या तासाचा असेल. ती हिरव्या साडीवर तिचं घरातलं जुनं कार्डिगन चढवून आणि पायात रबरी बूट घालून बाहेर आली. मी तिच्या जवळ गेले, इतकी जवळ की भिंगात नुसता तिचा चेहरा, आणि बघते तर काटा बरोबर मधोमध. मला वाटलं, चुकलं. मी कुंपणावरून ओरडून विचारलं, 'मिसेस डॉबसन, काटा मधेच आहे! किती घरं हलवू?'

त्या काकवीचा पट्टा धरून उभ्या होत्या. 'मधे आहे ना? मग हात लावू नकोस, लव,' त्या म्हणाल्या. 'मी पांढरीफटक, माझा फोटो काढताना दुरुस्ती लागेल. तुझ्या बहिणीला काही लागत नाही.'

मी ताईला हे मराठीत सांगितलं, वास्तविक तिला इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. ती हसायला लागली, थांबेचना, आणि तेव्हा काकवी पट्टा सोडवून तिच्या साडीवर झेपावला. तो फोटो तेव्हाचा आहे.

दोन दिवसांनी फोटो वाळला आणि मी तो आईच्या हातात दिला. पीठ मळत होती, हात पुसून खिडकीशी घेऊन गेली. मला वाटलं आता म्हणेल, कार्डिगन कशाला घातलं. 'अगं बाई,' ती म्हणाली. 'ही तर मी.' मग फळीवरच्या त्या लग्नाच्या फोटोकडे बघत हळूच म्हणाली, 'मलासुद्धा पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, फोटोत वेगळी होती. मग मी पावडर कधी सोडलीच नाही.' कुणावर गेलीय देव जाणे! बावीस वर्षं दर रविवारी. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्हींपैकी मी काही केलं नाही, तिनं पुन्हा पीठ मळायला घेतलं.

माणूस एका दुपारीत बदलतं असं कुणी समजू नये. पुढच्याच रविवारी आईनं पुन्हा बाटलीवरची साय वाटीत काढून ठेवली. सवयच. ताईनं वाटी उचलली आणि कुंपणावरून काकवीला चाटवली. आई बघत राहिली. तिनंच ताईला पुढे लॅबमधल्या एका माणसाबरोबर हसत-हसत बोहल्यावर चढवलं. त्यानं फोटो मागितलाच नव्हता, रोज समोर बघत होता. आणि पुढच्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला त्या सकाळी आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तोंड नुसतं धुतलेलं. मी क्षणभर ओळखलंच नाही तिला, इतकी ती ताईसारखी दिसत होती. 'काढतेस का?' ती म्हणाली. 'बर्फ वितळायच्या आत.' मी जवळ गेले. काटा मधोमध.

आई गेली त्याला आता वर्ष होईल. वर्षश्राद्धाला हार घालायला मोठा फोटो हवा होता. ताईचा मुलगा निखिल एडिनबराहून यायचा होता, तो म्हणाला, मावशी, मी करून आणतो, मला तो बर्फातला पाठव. गुणी मुलगा आहे, आजीवर जीव होता त्याचा. परवा छान लाकडी चौकट घालून घेऊन आला, कागद उलगडला, आणि माझं डोकंच फिरलं. पांढरीफेक! नाक गालात गेलेलं. 'मावशी, मी फक्त थोडं ब्राइट केलं,' तो म्हणाला. 'आजी किती फ्रेश दिसते ना?' त्याच्या मागे ताई उभी होती, सत्तरीच्या उंबरठ्यावरची, कोटाची बटणं काढत. तिनं फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी एकदमच बोललो.

'ही आमची आई नव्हे.'